एकेचाळीस वाफे उतरून

आमच्या घरात दिवस उजाडतो तो एका आकड्यानं. सकाळी सगळ्यात आधी जो वर जातो तो झऱ्याच्या तोंडाशी उकिडवा बसतो, मनगटापर्यंत हात पाण्यात घालतो आणि खाली ओरडून सांगतो, "तेरा." खालून कुणीतरी "तेरा" म्हणून परत हाक द्यायची. मगच चहा. उन्हाळा असो की बर्फ पडलेला असो, अमागी डोंगराच्या पोटातून निघणारं हे पाणी तेरा अंशच असतं, फार तर पाव अंश इकडेतिकडे. ते तेरा आहे तोवर आमची वसाबी आहे, आणि वसाबी आहे तोवर आम्ही आहोत.

माझा उजवा हात या कामात पंचक्रोशीत नावाजलेला होता. एकदा सहकारी संस्थेचा माणूस काचेचा तापमापक घेऊन आला. मी हात घातला आणि म्हटलं, "आज पावणेतेरा आहे." त्यानं काच पाण्यात बुडवली, बाहेर काढली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. जाताना तापमापक आमच्याकडेच ठेवून गेला. मी तो फडताळात टाकून दिला, कारण मला त्याची गरज नव्हती.

वसाबी हे झाड फार मिजासखोर. ऊन लागलं की पानं टाकतं, म्हणून वाफ्यांवर हान्नोकीच्या झाडांची सावली धरावी लागते. पाणी सतरा-अठराच्या वर गेलं की जमिनीतला गड्डा आतून काळा पडतो, मऊ होतो. आणि पाणी थांबलं तर विचारूच नका. शेजारी दुसरं काही उगवू नये म्हणून हे झाड मुळांतून तिखट विष सोडतं, आणि ते विष तिथंच साचलं तर त्यानंच स्वतः खुरटतं. म्हणून वाफ्याच्या तळाला मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, त्यावर खडी आणि वर वाळू, अशी रचना असते. पाण्यानं सारखं वाहत राहून ते विष धुऊन न्यायचं. माझी सासू पाहुण्यांना सांगायची, "हे झाड आमच्या किकुएवर गेलंय." मी तोंडानं तिखट होते, हे मला मान्य आहे. बोलून टाकलं की माझं मन साफ व्हायचं. ते ज्याच्यावर सांडायचं त्याचं काय होत असेल, हा विचार मी कधी केला नाही.

डोंगराच्या कुशीत आमचे एकेचाळीस वाफे आहेत. झऱ्याच्या तोंडाशी पहिला, मग एकाखाली एक पायऱ्यांसारखे, आणि एकेचाळिसाव्यातून निघालेलं पाणी स्वयंपाकघराच्या वळचणीखालच्या दगडी कुंडात येतं. तिथं आम्ही गड्डे धुतो, भांडी विसळतो, उन्हाळ्यात कलिंगड गार करतो. पाणी अडवायला आणि वळवायला फळ्या असतात. एक अगदी वर, पहिल्या वाफ्याच्या आधी. दुसरी बाविसाव्याशी, जिथून पाणी बाजूच्या ओढ्यात सोडता येतं. आमच्या खोऱ्यात फळीचा एक दंडक आहे. ज्याचं पाणी त्याच्याच घरच्या माणसानं फळीला हात लावायचा. परक्यानं लावला तर तो पाणीचोर, मग तो सख्खा शेजारी का असेना. दुसरा दंडक सुतकाचा. घरात मृत्यू झाला की एकोणपन्नास दिवस घरच्यांनी झऱ्याच्या तोंडात हात घालायचा नाही. तेवढे दिवस शेजारी येऊन आकडा सांगतो.

ही गोष्ट त्या एकोणपन्नास दिवसांची आहे.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी, माझा मुलगा शुहेई आणि त्याची बायको इकुयो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. शुहेई शांत, जरा रेंगाळणारा. दहा कामांतली नऊ मन लावून करायचा आणि दहावं विसरायचा, आणि मला नेमकं दहावंच दिसायचं.

सप्टेंबरात तुफान येणार म्हणून रेडिओ दोन दिवस सांगत होता. वरची फळी वळवून पुराचं पाणी बाजूच्या ओढ्यात सोडायचं, नाहीतर वाळूसकट वाफे वाहून जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शुहेईनं ते आदल्या दिवशी करायचं होतं. तो कामेझो-सानच्या मालवाहू रुळगाडीचं इंजिन दुरुस्त करत बसला आणि विसरला. इकुयो तिच्या आजारी आईकडे गेली होती. तुफान आलं त्या सकाळी मी मागल्या दारातून पाहिलं तर कुंडातलं पाणी गढूळ, आणि हा मात्र आत बसून जेवतोय. गरम भात, वर माशाचा कीस, आणि शार्कच्या कातड्याच्या पाटीवर ताजी उगाळलेली वसाबी. त्याचं ते लहानपणापासूनचं आवडतं जेवण.

मी म्हटलं, "ज्याच्यावर जेवतोयस ते वाहून चाललंय. दीड वर्षाचं पीक आहे ते."

"जातोच आहे, आई. दोन घास राहिलेत."

"घास कसले मोजतोस? ऊठ. आणि पाणी वळवल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस."

त्यानं जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि गेला. तास-दीड तासानं कुंडातलं पाणी हळूहळू कमी झालं. म्हणजे वर फळी वळली होती. मला बरं वाटलं. मी त्याचा उरलेला भात झाकून ठेवला.

तो आलाच नाही. पाऊस ओसरल्यावर माणसं वर गेली. फळी जशी हवी तशी बसवलेली होती, पाचर ठोकून. एकही वाफा गेला नव्हता. झऱ्याच्या बाजूचा कडा मात्र खचून ओढ्यात गेला होता. पाच दिवस शोधलं. एक बूटही मिळाला नाही. सहाव्या दिवशी मठातल्या भिक्षूंनी देव्हाऱ्यासमोर फोटो ठेवून मंत्र म्हटले आणि सांगितलं की गेला त्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस धरायचे. तोवर तो वाटेवर असतो, मग पोचतो.

जाताना मी त्याला काय बोलले, ते मी कुणालाही सांगितलं नाही. इकुयोला तर नाहीच. विचारलं तेव्हा म्हणाले, "जेवता जेवता उठून गेला. कामाचा पक्का होता."

सुतकाचा आकडा सांगायला शेजारचे कामेझो-सान येऊ लागले. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र शाबूत. माझ्या नवऱ्याचे लंगोटीयार, म्हणून मला वहिनी म्हणायचे. इंजिनाचं मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. तसं बोलून दाखवलं नाही, पण एकही सकाळ चुकवली नाही.

आठव्या दिवशी वरून "तेरा" आलं. मी "तेरा" म्हटलं. चहा ओतला तरी ते खाली येईनात. बऱ्याच वेळानं आले, ओला हात अंगापासून लांब धरून.

"वहिनी, तोंडाशी तेरा आहे," ते म्हणाले. "पण पहिल्या वाफ्यात कुणीतरी आंघोळीचं पाणी ओतलंय."

"सकाळी सकाळी साके घेऊन येता का?"

"घेतली असती तर बरं झालं असतं. चल, तूच बघ."

मी गेले नाही, सांधे दुखतात म्हणाले. इकुयो गेली आणि फडताळातला तो तापमापक बरोबर घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

"आई, वाफ्याच्या मध्ये एक जागा आहे. चटईएवढी. तिथं साडेछत्तीस."

"आणि दुसऱ्या वाफ्यात?"

"तेरा."

आता मला सांगा, पाणी वाहतं. वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्यात जातं, क्षणभरही थांबत नाही. वर तेरा, खाली तेरा, आणि मध्ये माणसाच्या अंगाएवढं गरम, हे कसं होईल? आयुष्यभर पाण्यात हात घातलेली बाई मी. हे होत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला वाफा पुन्हा तेरा झाला आणि दुसरा गरम. तिसऱ्या दिवशी तिसरा. जो वाफा मागे पडायचा त्याची पानं दोन दिवसांत माना टाकायची. उपटून पाहिलं तर गड्डे काळे, बोटानं दाबले तर आत बोट जायचं. सहकारी संस्थेचा माणूस आला, वाळू बाटलीत भरून घेऊन गेला, आणि पत्र पाठवलं की वाळूत दोष नाही.

इकुयो रोज सकाळी जाऊन गरम जागेत हात घालून बसू लागली. घरातली कामं आधी उरकायची, केस विंचरायची आणि मग जायची. मी खालून बघायचे. ऑक्टोबर लागला, सकाळी गारठा पडायला लागला, तशी त्या जागेवरून वाफ दिसू लागली. सगळे वाफे काळेभोर गार, आणि एकाच ठिकाणी बारीक वाफ, बसलेल्या माणसाएवढी उंच. वारा आला तरी ती हलायची नाही. ओढ्यातले खेकडे एरवी माणूस दिसला की दगडाखाली पळतात. ते त्या जागेभोवती कडं करून बसायचे, नांग्या आत घेऊन, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला.

एकदा इकुयोनं मला हाताला धरूनच नेलं. चौदाव्या वाफ्याशी. "पाण्यात हात नका घालू," ती म्हणाली, "नुसतं बघा." गरम जागेच्या वाळूत दोन खळगे होते. आमच्या वाफ्यात वाळूवर काही टिकत नाही, पाणी तासाभरात सगळं सपाट करतं. हे खळगे मात्र तसेच होते, खोल, टाचेशी रुंद. रबरी बुटांचे. चवडे घराकडे वळलेले.

मी म्हटलं, "खेकड्यांनी उकरलंय."

घरी आल्यावर इकुयोनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभं राहून बोटं मोजली. "आई, एकेचाळीस वाफे आहेत. आठव्या दिवशी पहिला होता. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी शेवटचा. एकोणपन्नासाव्या दिवशी कुंड."

कुंड म्हणजे स्वयंपाकघर. कुंड म्हणजे घर.

तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा रंग आला. ती समजत होती की तो तिच्याकडे येतोय. मला वाटत होतं की तो मला दाखवायला येतोय, पाणी वळवलं म्हणून. मी अट घातली होती, त्यानं ती पुरी केली होती, आणि आता घरात पाऊल टाकायचा त्याला पूर्ण हक्क होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी कामेझो-सान माझ्यासमोर येऊन बसले. चहाला हात लावला नाही.

"वहिनी, उद्या तो बाविसाव्यात येईल. तिथं तुझी फळी आहे. ती काढ आणि ओढ्यात सोड. ओढा नदीला जाईल, नदी समुद्राला. पाण्यात गेलेल्यांची वाट तीच असते."

"अर्धं पीक तरी वाचेल," मी म्हटलं.

"पिकाचं कोण बोलतंय? पण हो, वाचेल. एकोणीस वाफे वाचतील. नाहीतर पुढच्या वर्षी तू आणि ती पोर खाणार काय, खडी?"

"तुम्हीच काढा ना मग फळी. तुमचे हात अजून चालतात."

"मी? तुझ्या फळीला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाण बोलले. "शुहेईनं माझं इंजिन दुरुस्त केलं, किकुए. त्याचं पाणी मी चोरू?"

त्यांनी मला नावानं हाक मारली ती आयुष्यात तेवढीच.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मी एकटी वर गेले. इकुयो मागून येणार हे माहीत होतं, म्हणून ती भांडी घासत असतानाच निघाले. बाविसाव्या वाफ्यावर वाफ उभी होती. खेकडे बसलेले होते. मी त्या बाजूला न बघता ओढ्याच्या अंगाला गेले आणि फळीची पाचर हातोडीनं सैल केली. मला भीती वाटत होती, ती आजही आठवते. मेलेल्या माणसाची भीती नव्हती ती. आपल्याच पोराच्या तोंडाकडे बघावं लागेल, ही भीती होती.

पाचर निघाली. फळीच्या दोन्ही टोकांना मी हात घातले. वाफ्यातली पानं एकदम थांबली. पाणी वाहत होतं, आवाज येत होता, पण इतर वाफ्यांत पानं पाण्याबरोबर डुलतात तशी ती डुलत नव्हती. माझ्याकडे बघत असल्यासारखी स्थिर होती. बुटांचे खळगे एवढे जवळ होते की मी हात लांब केला असता तर त्यात गेला असता. ते खळगे बदलले. चवडे आता घराकडे नव्हते. माझ्याकडे वळले होते.

"आई."

इकुयो वरच्या बांधावर उभी होती. हातात अजून भांडी घासायचा काथ्या होता. धावत आली असावी, पण आवाज शांत होता.

"फळी काढू नका."

"अगं पीक आहे हे. तू अजून लहान आहेस, पुढं तुझं कसं होणार?"

"पीक जाईल म्हणून तुम्ही भीत नाही. तुम्ही त्याला भिताय. सत्तावीस वर्षं पोटाशी धरलेल्या पोराला तुम्ही का भिताय, ते सांगा मला."

मी फळी धरून उभी होते. हात सुन्न झाले होते. आणि मी सांगितलं. वाडगा, काड्या, दोन घास, आणि मी बोलले ते वाक्य, शब्दाला शब्द. तिला सांगत होते पण बघत होते खाली, त्या खळग्यांकडे. बोलून टाकलं की मन साफ होतं, असं मी म्हणायचे ना? त्या दिवशी काही साफ झालं नाही. मला स्वतःची इतकी किळस आली की तिथंच बसावंसं वाटलं.

इकुयो खाली उतरली, माझ्या हातातली हातोडी घेतली, पाचर उचलली आणि फळी पुन्हा घट्ट ठोकून बसवली.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्याला सांगा. घरी आल्यावर."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, अंथरूण घालायची, उदबत्ती लावायची, पण शब्द नाही. ऊब मात्र रोज एकेक वाफा उतरून खाली येत होती. तिसावा गेला, पस्तिसावा गेला. अख्खी डोंगरकूस काळी झाली. कुजल्या गड्ड्यांचा वास घरात यायला लागला, तिखट आणि गोडसर. खालच्या वाफ्यांची पाळी आली तशी वाफ स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसू लागली. मी भाजी चिरताना पाठ करून बसायचे, आणि तरी मानेला ऊब लागायची.

सत्तेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळच्या आत इकुयोनं एकेचाळिसाव्या वाफ्यातून तीन चांगले गड्डे काढून घेतले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. आमच्या मळ्यातले ते शेवटचे तीन.

एकोणपन्नासाव्या दिवशी दहा वाजता भिक्षू यायचे होते. मी पहाटे उठून काळा किमोनो नेसले. कामेझो-सान वर जाऊन आकडा सांगून आले आणि मागल्या अंगणात उभे राहिले, टोपी हातात धरून. आभाळ स्वच्छ होतं, हान्नोकीची पानं गळत होती. कुंडातून वाफ येत होती. भोवतीच्या दगडांवर खेकडे होते, अगदी उंबऱ्यापर्यंत.

इकुयोनं भात वाढला. वर माशाचा कीस घातला. मग कुंडाशेजारी बसून तिनं गड्डा पानाकडच्या बाजूनं पाटीवर धरला आणि गोल गोल, सावकाश उगाळला, कितीतरी वेळ. वाडगा कुंडाच्या काठावर ठेवला. काड्या आडव्या ठेवल्या नाहीत, शेजारी ठेवल्या, जेवायला बसणाऱ्यासाठी ठेवतात तशा. मग ती बाजूला सरली आणि वीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बसा, आई."

मी बसले. उजवी बाही वर केली. एवढ्या दिवसांत मी एकदाही त्या गरम जागेत हात घातला नव्हता, माझ्यासारखीनं, जिला पाणी हातानं कळतं. मी हात घातला.

ते पाणी नव्हतं. पाण्याचा मला अंदाज आहे. ते तापातल्या पोराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं होतं. मनगटापर्यंत गेला हात, आणि मग कशानं तरी तो धरला. ओढलं नाही, आवळला नाही. लहान मूल रस्ता ओलांडताना धरतं तेवढाच जोर.

मी म्हटलं, "पाणी वळलं रे. मी पाहिलं. पाचर पण नीट ठोकली होतीस. एक वाफा गेला नाही." "मी बोलले ते चुकलं. तुला दोन घास खाऊ द्यायला हवे होते. ये, घरात ये. जेवून घे."

काही क्षण काहीच झालं नाही. मग कुंडाच्या चारी बाजूंनी ऊब सरकत सरकत माझ्या हाताकडे आली. बोटं गार पडत गेली, बोटांभोवतीचं पाणी तेरावर आलं, आणि सगळी ऊब तळव्यात गोळा झाली, भाजेल असं वाटेपर्यंत. वाफ विरली. खेकडे एकदम सुटल्यासारखे पळाले, अंगणभर त्यांच्या पायांचा खडखडाट झाला. वाडग्यातला भात मी पाहिला. दोन घासांएवढा खड्डा पडला होता त्यात.

कामेझो-सान पुढं आले, वाकले, कुंडात हात घातला.

"तेरा," ते म्हणाले, आणि तिथंच बसून रडले.

याला आता चौदा वर्षं झाली. कामेझो-सान गेले. त्यांनी मरायच्या आधी आम्हाला आपल्या मळ्यातली रोपं दिली होती, एकेचाळीस वाफे पुरे होतील एवढी, आणि दर खेपेला म्हणायचे, "चोरीची नाहीत, सांगून देतोय." लोकांनी इकुयोला माहेरी जायचा सल्ला दिला. ती गेली नाही. का, ते मी तिला विचारलं नाही, आणि आता सकाळी वर जाऊन तीच आकडा सांगते. खालून मी "तेरा" म्हणते. पण ते मी तिच्या शब्दावर म्हणते. मला कळत नाही.

त्या दिवसापासून माझ्या उजव्या हाताला पाणी कळत नाही. कुठल्याही पाण्यात घातला तरी त्याला ते कोमटच लागतं, साडेछत्तीस, बर्फाच्या पाण्यातही. पहिल्या लावणीला मी हौसेनं वाफ्यात उतरले. डाव्या हातानं धरून लावलेली जगली. उजव्यानं लावलेलं प्रत्येक रोप तिसऱ्या दिवशी काळं पडलं. मी दहा रोपं मुद्दाम पुन्हा लावून पाहिली, आणि मग वाफ्यात उतरणं सोडून दिलं. मळ्याच्या बांधावर बसते, खेकडे हाकलते, पानांशी बोलते. एवढी वर्षं ज्या हाताचा मला गर्व होता तो आता वसाबीला विष आहे. ही शिक्षा असेल तर मला ती कबूल आहे. पण शिक्षा आहे असं मला नेहमी वाटत नाही.

कारण जानेवारीत, लावणीच्या दिवसांत, इकुयो दुपारी खाली घरी येते तेव्हा तिचे हात निळे झालेले असतात. सकाळपासून तेरा अंशांत राहिलेली बोटं वाकत नाहीत. घरात शेगडी असते, गरम पाण्याची किटली असते. ती तिकडे बघत नाही. माझ्याशेजारी येऊन बसते, माझा उजवा हात घेते, दोन्ही हातांत धरते आणि डोळे मिटते. तिची बोटं हळूहळू गुलाबी होतात. एकदा माझा उजवा हात कामात होता, म्हणून मी डावा पुढं केला. तोही गरमच होता, शेगडीवर शेकलेला.

तिनं तो हलकेच बाजूला केला आणि उजवा मोकळा होईपर्यंत थांबली.